यकृताचा ताठरपणा मोजणारी तपासणी: विषाणू आणि कृमी दोन्ही बाळगलेल्या रुग्णाचा अभिप्राय

फायब्रोस्कॅन या नावाने ओळखली जाणारी यकृताची तपासणी मी गेल्या चार वर्षांत पाच वेळा करून घेतली आहे. या तपासणीविषयीचे बहुतेक अभिप्राय 'दुखत नाही, दहा मिनिटांत होते, रिपोर्ट लगेच हातात पडतो' एवढ्यावर थांबतात, आणि ते सगळे खरे आहे. परंतु माझ्या यकृतात एका वेळी दोन बिऱ्हाडे नांदत होती. एक होते हेपॅटायटिस सी विषाणूचे आणि दुसरे शिस्टोसोमा मॅन्सोनी या रक्तवाहिन्यांत राहणाऱ्या कृमीचे. ही तपासणी पहिल्या बिऱ्हाडाची खबर चोख देते. दुसऱ्याच्या बाबतीत मात्र तिचा आकडा इतका शांत आणि नीटनेटका दिसतो की त्यावर विश्वास ठेवणारा माणूस फसतो. म्हणून हा अभिप्राय थोडा लांबीने लिहीत आहे.

हे दोघे माझ्याकडे कसे आले, ते आधी सांगतो. १९८६ मध्ये एका शस्त्रक्रियेच्या वेळी मला दुसऱ्याचे रक्त चढवावे लागले होते. त्या काळी दात्याच्या रक्तात हेपॅटायटिस सी शोधण्याची चाचणीच नव्हती, कारण हा विषाणू ओळखला गेला तो १९८९ मध्ये. पुढे नोकरीनिमित्त नाईल नदीच्या खोऱ्यातील कालव्यांवर बरीच वर्षे काढली आणि पाण्यात उतरण्यावाचून ते काम होत नसे. गोड्या पाण्यातील विशिष्ट गोगलगायींमधून बाहेर पडणाऱ्या या कृमीच्या अळ्या माणसाच्या अखंड त्वचेतून आत शिरतात. त्यासाठी जखम लागत नाही की पाणी प्यावे लागत नाही. मला त्या वेळी काहीच जाणवले नाही. दोन्ही गोष्टी उघडकीस आल्या त्या वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, एका नेहमीच्या रक्ततपासणीतून.

आता तपासणीविषयी. रुग्णाला पाठीवर झोपवून उजवा हात डोक्यामागे घ्यायला सांगतात, उजव्या बाजूच्या दोन बरगड्यांमधील फटीत जेल लावतात आणि तेथे यंत्राचे टोक टेकवून बारीकसा धक्का देतात. कोणी बोटाने टिचकी मारावी, तितकेच ते जाणवते. त्या ५० हर्ट्झच्या धक्क्याने यकृतात एक लाट निघते, तिचा वेग अल्ट्रासाउंडने टिपला जातो आणि ऊती जितकी ताठ तितकी लाट जलद, या साध्या नियमावरून यंत्र ताठरपणाचा आकडा किलोपास्कलमध्ये देते. अशी किमान दहा मापने घेऊन त्यांचा मध्यक काढतात. सुईने घेतलेल्या बायोप्सीच्या तुकड्यापेक्षा सुमारे शंभरपट आकारमानाची ऊती या मोजणीत येते, आणि सुई टोचल्यामुळे रक्तस्राव होण्याची भीती राहत नाही. निरोगी यकृताचा आकडा साधारणतः पाचच्या आसपास असतो. हेपॅटायटिस सी असलेल्या रुग्णात सातच्या पुढे लक्षणीय तंतुमयता (म्हणजे पेशींच्या जागी तंतू साचणे), साडेनऊच्या पुढे गंभीर तंतुमयता आणि साडेबाराच्या पुढे सिरोसिस, असे ढोबळ टप्पे वापरात आहेत. विषाणूजन्य आजारासाठी या तपासणीने बायोप्सीची गरज पुष्कळ कमी केली, आणि त्याचे श्रेय तिला द्यायलाच हवे.

माझा पहिला अनुभव ज्या तपासणी केंद्रातला आहे, त्याचे नाव मी येथे घेत नाही. वेळ ठरवताना उपाशीपोटी येण्याविषयी कोणीही काही सांगितले नाही. मी भरपेट न्याहारी करून गेलो आणि आकडा आला ९.२. जेवणानंतर यकृताकडे जाणारा रक्तप्रवाह वाढतो आणि ताठरपणाही तात्पुरता वाढतो, म्हणून निदान तीन तास पोट रिकामे असावे लागते, हे मला नंतर समजले. शिवाय दहा मापनांमधील फरक मध्यकाच्या ३४ टक्के होता. तो ३० टक्क्यांच्या आत नसेल, तर एवढ्या आकड्यावर भरवसा ठेवू नये असा संकेत आहे. तो फरक रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर बारीक अक्षरांत छापलेला होता. पहिल्या पानावर मात्र तंतुमयतेची श्रेणी ठळक अक्षरांत देऊन टाकलेली होती. तक्रार केल्यावर त्यांनी तपासणी पुन्हा करून दिली, तीही सौजन्याने, हे नमूद करतो. दुसऱ्या वेळी उपाशीपोटी आकडा ६.४ आला आणि फरक १४ टक्के. रिपोर्टखाली शेरा होता की लक्षणीय तंतुमयता नाही आणि एंडोस्कोपीची, म्हणजे अन्ननलिकेत दुर्बीण घालून फुगलेल्या शिरा शोधण्याची, आवश्यकता नाही.

त्या रात्री मी निश्चिंत झोपलो. अभिप्राय लिहिण्याची बुद्धी तेव्हाच झाली असती, तर पाचपैकी पाच तारे देऊन मोकळा झालो असतो.

यकृततज्ज्ञ डॉक्टरांनी तो रिपोर्ट बाजूला ठेवून आधी रक्ताचा कागद मागितला. प्लेटलेट ९२ हजार होत्या. यकृताची विकरे एएसटी ४४ आणि एएलटी ४८, म्हणजे दोन्ही जवळपास ठीक. वय, ही दोन विकरे आणि प्लेटलेट यांवरून काढला जाणारा फिब-४ हा निर्देशांक त्यांनी समोरच काढून दाखवला, तो ४.०७ भरला. ३.२५ च्या वर गेलेला निर्देशांक गंभीर तंतुमयता सुचवतो. म्हणजे यंत्र म्हणत होते की यकृत जवळजवळ मऊ आहे, आणि रक्त म्हणत होते की ते बरेच निबर झाले आहे. मी विचारले, "यातले खरे कोणते धरायचे?" त्यावर ते म्हणाले, "या दोन्ही तपासण्या विषाणूचा विचार करून बेतलेल्या आहेत. तुम्ही कालव्याच्या पाण्यात किती वर्षे उतरत होता, ते आधी सांगा."

या प्रश्नाचे महत्त्व कळण्यासाठी दोन्ही आजारांची यकृतातली जागा समजून घ्यावी लागते. विषाणू राहतो यकृताच्या पेशीच्या आत. त्याच्यावर शरीर चालून जाते तेव्हा पेशी मरतात, त्यांच्या जागी तंतू साचतात, ते तंतू एका भागातून दुसऱ्या भागाकडे पूल बांधत जातात आणि शेवटी सगळ्या यकृताची घडण गाठीगाठींची होते. या वाटचालीत पेशींमधला सारा प्रदेशच ताठ होत जातो, त्यामुळे बरगडीतून पाठवलेल्या लाटेला तो बदल लगेच जाणवतो.

कृमीचे तसे नाही. प्रौढ कृमी यकृतात राहतच नाही. नर आणि मादी जोडीने आतड्यालगतच्या शिरांमध्ये वर्षानुवर्षे मुक्काम ठोकतात आणि मादी रोज सुमारे तीनशे अंडी घालते. त्यांतील काही आतड्याची भिंत भेदून विष्ठेतून बाहेर पडतात, पण बरीचशी रक्ताच्या ओघाबरोबर पोर्टल शिरेतून, म्हणजे आतड्याकडचे रक्त यकृताकडे नेणाऱ्या मोठ्या शिरेतून, यकृतात येतात. यकृताच्या पेशींमधून वाहणाऱ्या केशवाहिन्या इतक्या अरुंद असतात की सुमारे दीडशे मायक्रॉन लांबीचे अंडे त्यांत शिरूच शकत नाही. ते अलीकडच्या बारीक शिरांमध्ये अडकते. अडकलेले अंडे दोन-तीन आठवडे जिवंत राहून स्राव सोडते, शरीर त्याच्याभोवती पेशींची गाठ उभारते आणि त्या गाठीचा शेवट तंतूंमध्ये होतो. लाखो अंड्यांच्या बाबतीत असे घडले की पोर्टल शिरेच्या फांद्यांभोवती जाड पांढऱ्या नळ्या तयार होतात. १९०४ मध्ये सिमर्स यांनी या नळ्यांचे वर्णन करताना मातीच्या चिलमीच्या दांड्याची उपमा दिली होती, आणि ती आजही वापरात आहे.

या नळ्यांच्या पलीकडचा पेशींचा प्रदेश पुष्कळदा शाबूत असतो. त्यामुळे बिलिरुबिन ठीक, अल्ब्युमिन ठीक, एएलटी ठीक, आणि ताठरपणाचा आकडाही फारसा वाढलेला नाही, अशी स्थिती दिसते. मात्र रक्त यकृतात शिरण्याच्या दारातच कोंडते, पोर्टल शिरेतला दाब वाढतो, प्लीहा फुगते आणि अन्ननलिकेतील शिरा टरारतात. फुगलेली प्लीहा प्लेटलेट अडवून ठेवते, म्हणून रक्तातील प्लेटलेट घटतात. फिब-४ हा निर्देशांक प्लेटलेटवर उभा असल्यामुळे तो अशा रुग्णात तंतुमयता फुगवून दाखवतो, तर ताठरपणाचे यंत्र धोका कमी करून दाखवते. एकाच कृमीने दोन तपासण्यांना विरुद्ध दिशांना ढकलावे, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते. यंत्राने खोटे काहीच सांगितले नव्हते, त्याने विचारलेल्या जागेचा ताठरपणा अचूक मोजला होता. माझे दुखणे त्या जागेच्या अलीकडे, दारात होते.

आता त्या शेऱ्याकडे पुन्हा वळतो. एंडोस्कोपी टाळण्यासाठी २०१५ च्या बाव्हेनो मतैक्याने, म्हणजे या विषयातील तज्ज्ञांच्या सहमतीने, जो नियम दिला, त्यात ताठरपणा २० किलोपास्कलच्या खाली आणि प्लेटलेट दीड लाखाच्या वर, अशा दोन्ही अटी एकत्र आहेत. केंद्राने पहिली अट पाहिली आणि दुसरी पाहण्याची तसदीच घेतली नाही. शिवाय हा नियम विषाणू, मद्य यांसारख्या कारणांनी पेशींच्या प्रदेशातून सुरू होणाऱ्या आजारासाठी आहे. दारात अडलेल्या रक्तासाठी तो लावताच येत नाही. माझी एंडोस्कोपी झाली तेव्हा अन्ननलिकेत मध्यम आकाराच्या फुगलेल्या शिरा निघाल्या. त्या फुटण्याआधी सापडल्या हे माझे नशीब, आणि ते त्या रिपोर्टच्या जिवावर तर मुळीच नव्हे.

निदान पक्के झाले ते साध्या सोनोग्राफीने, पण ती करणाऱ्याला काय शोधायचे हे ठाऊक होते म्हणून. आधीच्या सोनोग्राफीत 'यकृताचा पोत खरबरीत' एवढेच लिहिले होते. दुसऱ्या डॉक्टरांनी पोर्टल शिरेच्या फांद्यांच्या भिंतींची जाडी मोजली आणि आडव्या छेदात वलये व उभ्या छेदात नळ्या दाखवल्या. या आजारासाठी जागतिक आरोग्य संघटनेने नियामे येथील बैठकीतून सोनोग्राफीची एक पद्धत ठरवून दिली असून तीत यकृताच्या चित्रांचे नमुने अक्षरांनी दर्शवलेले आहेत. विखुरलेल्या ठिपक्यांच्या एका नमुन्याला चांदण्यांनी भरलेल्या आकाशाचे नाव आहे. वलये आणि नळ्या हा त्याच्या पुढचा नमुना, आणि तो माझा होता. विष्ठेच्या तपासणीत अंडी मिळाली नाहीत, कारण जुन्या संसर्गात ती थोडी असतात. रक्तातील प्रतिपिंडे होती, पण ती उपचारानंतरही वर्षानुवर्षे राहतात, म्हणून तेवढ्यावर कृमी जिवंत आहे असे ठरत नाही. शेवटी गुदाशयाच्या आतल्या अस्तराच्या तुकड्यात अंडी दिसली.

विषाणू आणि कृमी एकत्र असले की काय होते, याविषयी तपासणी केंद्रात कोणाला काही विचारण्यात अर्थ नव्हता. ते त्यांचे कामही नाही. पण हा अभिप्राय वाचणाऱ्याला ते ठाऊक असावे. विषाणूला हुसकावण्यासाठी शरीराला टीएच-१ प्रकारचा रोगप्रतिकारक प्रतिसाद लागतो, तर अंड्यांभोवती गाठी बांधताना शरीर टीएच-२ प्रकाराकडे झुकते. या झुकण्यामुळे विषाणूविरुद्धची धार बोथट होते, आणि नव्याने झालेला हेपॅटायटिस सी आपोआप बरा होण्याची शक्यता घटते. इजिप्तमधील काही अभ्यासांत दोन्ही संसर्ग असलेल्यांची तंतुमयता एकट्या विषाणूच्या रुग्णांपेक्षा झपाट्याने वाढलेली आढळली. सगळ्या अभ्यासांचे एकमत नाही, आणि हेपॅटायटिस बी च्या बाबतीत तर चित्र आणखी धूसर आहे. मात्र एका गोष्टीविषयी कोणाचा वाद नसावा. नुसत्या कृमीच्या रुग्णाला शिरा फुटून रक्तस्राव झाला, तरी त्याच्या पेशी धडधाकट असल्यामुळे यकृत तो धक्का पुष्कळदा सोसते. विषाणूने त्याच पेशी आधीच पोखरलेल्या असतील, तर तितकाच रक्तस्राव यकृत निकामी करू शकतो. कृमी दाब वाढवतो आणि विषाणू तो दाब सोसण्याची ताकद काढून घेतो.

इजिप्तचा उल्लेख आलाच आहे, तर थोडे विषयांतर करतो. १८५१ मध्ये थिओडोर बिलहार्झ यांना कैरो येथे या वर्गातला कृमी प्रथम सापडला. विसाव्या शतकात, १९५० च्या दशकापासून १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत, तेथे या आजारावर अँटिमनीच्या क्षाराची इंजेक्शने सरकारी मोहिमांतून खेडोपाडी दिली गेली, आणि नीट निर्जंतुक न केलेल्या सुया पुनःपुन्हा वापरल्या गेल्यामुळे हेपॅटायटिस सी पसरला. कृमीच्या औषधानेच विषाणू घरोघरी नेला. पुढे त्याच देशाने २०१८ पासून कोट्यवधी प्रौढांची तपासणी करून त्यांच्यावर गोळ्यांनी उपचार केले, हेही तितकेच खरे. मुद्दा असा की हे दोन आजार एकत्र असणे ही काही वैद्यकीय नवलाई नाही. ज्यांच्या रक्तात एक सापडतो, त्यांना दुसऱ्याविषयी विचारलेच पाहिजे, असे मोठमोठे प्रदेश जगात आहेत.

इतर कृमी आणि परजीवींच्या बाबतीत हे यंत्र कितपत उपयोगी आहे, हे मी डॉक्टरांना विचारले होते. उत्तर आशादायक नव्हते. हे यंत्र यकृताचे चित्र काढत नाही, त्यामुळे अमीबामुळे झालेला पुवाचा गळू किंवा हायडॅटिड कृमीची पाण्याची गाठ शोधण्यासाठी सोनोग्राफीच लागते. पित्तनलिकांत राहणारे यकृत-कृमी पित्ताचा मार्ग अडवतात तेव्हा ताठरपणा वाढलेला दिसतो, पण तो तुंबलेल्या पित्ताचा असतो. त्या कृमींपैकी दोन जातींना कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात स्थान आहे, एवढे सांगून हा भाग सोडतो.

उपचारांत आधी कृमीचा बंदोबस्त झाला. प्राझिक्वाँटेल हे कृमिनाशक औषध, वजनाच्या दर किलोला ४० मिलिग्रॅम, एकाच दिवशी. त्यानंतर विषाणूवर बारा आठवडे गोळ्या. त्या सुरू करण्यापूर्वी हेपॅटायटिस बी ची तपासणी करून घेण्यास डॉक्टर विसरले नाहीत, कारण सी गेल्यावर दबलेला बी उसळू शकतो, आणि अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१६ मध्ये त्याविषयी ठळक इशारा दिलेला आहे. तपासणी केंद्राच्या 'संपूर्ण यकृत' संचात ही चाचणी नव्हती. संपूर्ण हा शब्द जरा जपून वापरावा, असे त्यांना सुचवावेसे वाटते.

तिसरी तपासणी उपचारांच्या तोंडावर दुसऱ्या केंद्रात झाली, आकडा ६.६. विषाणू गेल्याचे सिद्ध झाल्यावर चौथी झाली, ती ५.१. हा उतार पाहून आनंद झाला, पण त्यातला बराचसा वाटा पेशींची सूज ओसरल्याचा असतो, तंतू विरघळल्याचा नव्हे, हे डॉक्टरांनी लगेच बजावले. प्लेटलेट ९६ हजारांच्या पुढे गेल्या नाहीत. औषधाने कृमी मेला, तरी त्याने बांधलेल्या नळ्या जागच्या जागी आहेत, आणि अन्ननलिकेतील शिरांसाठीची गोळी मला रोज घ्यावी लागते. आकडा निरोगी माणसाचा आणि प्लीहा आजाऱ्याची, अशी माझी सध्याची स्थिती आहे. काही नव्या यंत्रांत प्लीहेचा ताठरपणा १०० हर्ट्झच्या धक्क्याने मोजण्याची वेगळी सोय आहे. माझ्यासारख्या रुग्णाला तीच अधिक कामाची. दुसऱ्या केंद्रात ती होती, आणि पाचव्या तपासणीत त्यांनी ती न मागता केली.

तेव्हा मूल्यमापन करायचे तर ते दोन भागांत करावे लागेल. तपासणी म्हणून, आणि रुग्णाला केवळ विषाणू असेल तर, पाचपैकी साडेचार. अर्धा गुण भरल्या पोटी आणि सूज असताना येणाऱ्या फसव्या आकड्यांसाठी कापला. पोटात पाणी साचले असेल तर मात्र तिच्या वाटेला जाऊ नये. पहिल्या केंद्राच्या सेवेला पाचपैकी दोन, आणि तेही तंत्रज्ञाच्या हातातील सफाईसाठी व तपासणी खळखळ न करता पुन्हा करून दिल्याबद्दल. दुसऱ्या केंद्राला चार. कृमीचा संसर्ग झालेला असण्याची शक्यता असलेल्या कोणीही, म्हणजे नद्या, कालवे आणि तळी यांच्या पाण्यात अशा प्रदेशांत वावरलेल्या कोणीही, या आकड्याबरोबर प्लेटलेटचा कागद आणि पोर्टल शिरेची जाडी मोजलेली सोनोग्राफी ठेवल्याशिवाय तो आकडा कोणाला दाखवू नये.

दोन्ही केंद्रांच्या नोंदणी अर्जात एक उणीव सारखीच आहे. मद्य, मधुमेह, वजन, हेपॅटायटिस बी, हेपॅटायटिस सी, अशा सगळ्यांसाठी रकाने आहेत, परजीवी संसर्गासाठी मात्र एकही नाही. पाचव्या वेळी मी अर्जाच्या समासात 'शिस्टोसोमा, उपचार झालेला, अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा' असे लिहून दिले. नोंद घेणाऱ्या मुलीने ते दोनदा वाचले, "काका, हे कुठे भरू?" असे विचारले, आणि संगणकात जागा न सापडल्यामुळे तो कागदच तंत्रज्ञाच्या टेबलावर नेऊन ठेवला.